फायबरवरचे कोटिंग सोलण्याच्या चाचणीची तयारी

ऑप्टिकल फायबरवरचे कोटिंग सोलायला किती बल लागते हे मोजायचे असेल, तर तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी, कारण नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत रात्रभर मुरल्याशिवाय आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्यामुळे एसी लावला म्हणजे झाले असे न समजता ह्युमिडिफायरही चालू ठेवावा आणि तापमान व आर्द्रता या दोन्हींच्या नोंदी वहीत कराव्यात. अ‍ॅक्रिलेट या प्लास्टिकचे कोटिंग ओलावा शोषते व उष्णतेने मऊ पडते, म्हणून हवा बदलली की फायबरच्या काचेवरची त्याची पकडही बदलते. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत ३० दिवस ठेवलेले नमुने हवे असल्यास त्यांची तजवीज महिनाभर आधी करावी.

रिळावरचे बाहेरचे काही मीटर फायबर टाकून द्यावे. मग मायक्रोस्कोपखाली व्यास पाहावा: काच १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोटिंगसह साधारण २४५, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ६० मायक्रॉन, आणि तेवढ्यातच आतला मऊ व बाहेरचा कडक असे दोन थर बसलेले असतात.

सर्वाधिक वेळ स्ट्रिपरच्या, म्हणजे कोटिंग सोलणाऱ्या साधनाच्या, पात्याला द्यावा. एकदा आमच्याकडे प्रत्येक नमुन्यागणिक बल चढत गेले आणि आम्ही दुपारभर मशीन तपासत बसलो. शेवटी भिंगाखाली पात्याच्या खाचेत कोटिंगचा चिकट भुगा दिसला. तेव्हापासून प्रत्येक ओढीनंतर पाते साफ करण्याचा नियम आहे. त्यासाठी टॉवेलचा तुकडा वापरू नये. आपल्या गावात तो सहज हाताशी येतो, पण त्याचे सूत खाचेत अडकते. तंतू न सुटणारे वाइप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, मात्र चाचणीपूर्वी नमुन्यावर अल्कोहोल लावू नये, कारण त्याने कोटिंग फुगते.

सरासरी बल साधारण १ ते ५ न्यूटनच्या टप्प्यात अपेक्षित असल्याने लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) लहान क्षमतेचा निवडून शून्यावर आणावा, ग्रिपमध्ये फायबर घसरत नाही याची खात्री करावी आणि सरासरीबरोबर कमाल बलही नोंदवावे. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा लावल्याशिवाय कुणी टेबलाजवळ येऊ नये. काचेचे तुकडे त्वचेत शिरले तर दिसतही नाहीत, म्हणून ते चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या डब्यातच टाकावेत.