सिम बंद करण्याआधी जुनी खाती सोडवा
भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमची विसरलेली खाती मात्र त्याच क्रमांकावर ओटीपी पाठवत राहतात. नव्या मालकाने ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं, की खातं उघडायला वेळ लागत नाही.

म्हणून जुनं सिम चालू असतानाच खात्यांमधला क्रमांक बदला. बऱ्याच साइट बदलासाठी जुन्या क्रमांकावरच ओटीपी मागतात. सुरुवात ईमेलपासून करा. बाकी खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात, त्यामुळे गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागातला रिकव्हरी फोन (खातं परत मिळवण्यासाठी नोंदवलेला क्रमांक) सर्वांत आधी. मग बँक, आधार, यूपीआय. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘चेंज नंबर’ आहेच.

विसरलेली खाती आठवायची कशी? इनबॉक्समध्ये वेलकम, व्हेरिफाय, ऑर्डर हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. खरेदीची, तिकिटांची, नोकरीची कितीतरी संकेतस्थळं निघतील. नको असलेल्यांत आधी साठवलेलं कार्ड आणि पत्ता काढा, मग ‘डिलीट अकाउंट’. नुसतं अ‍ॅप काढून काहीच होत नाही, खातं सर्व्हरवर तसंच राहतं. डिलीटचा पर्याय सापडलाच नाही तर निदान क्रमांक बदला आणि कुठेही न वापरलेला लांबलचक पासवर्ड ठेवा.