भरलेल्या पर्यायी किमान कराचे क्रेडिट पुढील विवरणपत्रात कसे वापरावे

रत्नागिरी किंवा देवगडकडे ज्यांनी आंब्याचे कोल्ड स्टोरेज स्वतःच्या नावावर उभारले आणि आयकर कायदा, 1961 च्या कलम 35एडीखाली भांडवली खर्चाची पूर्ण वजावट घेतली, त्यांचे समायोजित एकूण उत्पन्न (ही वजावट पुन्हा मिळवून येणारे उत्पन्न) 20 लाख रुपयांच्या वर गेले असेल, तर त्यांना 18.5 टक्के दराने पर्यायी किमान कर, म्हणजे एएमटी, भरावा लागलेला असू शकतो. नेहमीच्या करापेक्षा जी जादा रक्कम अशी भरली गेली, तिचे क्रेडिट, म्हणजे नंतरच्या करातून वळती होणारी जमा, कलम 115जेडीनुसार पुढील 15 कर निर्धारण वर्षांपर्यंत (कर निर्धारण वर्ष म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) ओढता येते. ते परतावा म्हणून हाती येत नाही आणि त्यावर व्याजही मिळत नाही.

विवरणपत्राला हात लावण्यापूर्वी करप्रणाली ठरवावी. कलम 115बीएसीची नवी प्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात हे क्रेडिट वापरता येत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली हवी असल्यास फॉर्म 10-आयईए मुदतीत भरावा. एकदा जुनी निवडून पुन्हा नवीकडे गेल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत, परतीची वाट बंद होते, म्हणून हा निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

आता आकडे पाहू. समजा, कर निर्धारण वर्ष 2024-25 मध्ये 40 लाखांची वजावट घेतल्यानंतर उत्पन्न 15 लाख उरले. ही वजावट उत्पन्नात पुन्हा मिळवून, एरवी मिळाला असता तो 6 लाखांचा घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटीची वजावट) वजा केल्यास समायोजित उत्पन्न 49 लाख होते. त्यावरील एएमटी उपकरासह 9,42,760 रुपये आणि जुन्या प्रणालीतील नेहमीचा कर 2,73,000 रुपये; म्हणजे क्रेडिट 6,69,760 रुपयांचे. पुढच्या वर्षी वजावट काहीच नाही आणि उत्पन्न 40 लाख आहे. नेहमीचा कर 10,53,000 रुपये येतो, तर त्याच उत्पन्नावर एएमटीच्या दराने 7,69,600 रुपये. क्रेडिट फक्त या दोहोंतील फरकाइतके, म्हणजे 2,83,400 रुपये वळते होते आणि 3,86,360 रुपये पुढे जातात. त्या वर्षी एएमटी मुळात लागू नसला तरी कलम 115जेईईमुळे जुने क्रेडिट मिळतेच.

याच 40 लाखांवर नव्या प्रणालीत त्या वर्षीच्या, म्हणजे कर निर्धारण वर्ष 2025-26 च्या, दरांनी कर 9,25,600 रुपये होत होता. नुसते दर पाहणाऱ्याला ती स्वस्त वाटेल, परंतु क्रेडिट धरल्यावर जुनी प्रणाली 1,56,000 रुपयांनी हलकी पडते. क्रेडिट संपत आले की हे गणित उलटू शकते, त्यामुळे ते दरवर्षी नव्याने मांडावे.

स्वतःच्या बागेतील हापूसच्या विक्रीचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असते आणि समायोजित उत्पन्नात येत नाही. मात्र नेहमीच्या कराचा दर ठरवताना ते विचारात घेतले जाते. वरच्या उदाहरणात ते धरलेले नाही.

व्यावसायिकाने आयटीआर-3 भरावा. आयटीआर-1 आणि आयटीआर-4 मध्ये एएमटीसी हे एएमटी क्रेडिटचे परिशिष्टच नाही. आयटीआर-3 मधील या परिशिष्टाच्या तक्त्यात वर्षवार मूळ क्रेडिट, आधी वापरलेली रक्कम, या वर्षी वापरलेली रक्कम आणि शिल्लक लिहायची असते. मागील विवरणपत्रातील "पुढे ओढलेली शिल्लक" हा आकडा रुपयापर्यंत जसाच्या तसा उतरवावा, अंदाजाने भरू नये. ज्या वर्षी एएमटी लागला, त्या वर्षी सीएच्या सहीचा फॉर्म 29सी (एएमटीच्या हिशोबाचा अहवाल) दाखल झाला होता की नाही, हेही पोर्टलवर पाहून घ्यावे. राहता राहिला आगाऊ कर: आगाऊ कर कमी भरल्याबद्दल कलम 234बीखाली लागणारे व्याज मोजताना मिळणारे क्रेडिट आधी वजा होते, तेव्हा हप्त्यांचा अंदाज बांधतानाही ते धरायला हरकत नाही.