कपाटात टेबल बसवताय? या चुका टाळा

आमच्या नेरुळच्या सिडकोच्या घरात बेडरूमच्या भिंतीतच कडप्प्याच्या फळ्यांचं कपाट आहे. 2020 च्या लॉकडाउननंतर मी त्यात कामाचं टेबल करून घेतलं. तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाला कपाटाचं काही करायचं असलं की मला फोन येतो. तोही बहुतेक वेळा भिंत फोडून झाल्यावर.

कडप्पा हातोड्याने काढू नका. तो खाच पाडून भिंतीत घुसवलेला असतो आणि मधली भिंत असते जेमतेम साडेचार इंची. कोपरखैरण्याच्या एका मित्राने रविवारी सकाळी व्हिडिओ बघून छिन्नी-हातोडा घेतला. फळी निघाली, पण पलीकडच्या बाथरूममधल्या तीन टाइल्सही निखळल्या. ‘दोन घाव घातले फक्त,’ म्हणे. अरे, कटर भाड्याने मिळतो! भिंतीलगत फळी कापायची आणि आतला तुकडा आतच राहू द्यायचा.

दुसरी चूक माझी स्वतःची. कपाटामागे बाथरूम आहे हे मला माहीत होतं, पण काम काढलं मे महिन्यात. भिंत खडखडीत कोरडी. जुलैत कुबट वास यायला लागला, गणपतीपर्यंत सनमायका पापडासारखा फुगला. उचकटून पाहिलं तर मागची प्लाय बुरशीने काळीकुट्ट. सुतार म्हणाला, ‘साहेब, आता मरीन प्लाय टाकू.’ मरीन प्लाय पाणी सोसते हो, पण भिंत तर ओलीच राहणार ना! आधी बाथरूमची गळती काढली, मग दुसरं टेबल. पैसे दोनदा गेले.

आता मी कुणालाही आधी एवढंच करायला लावतो: भर पावसाळ्यात प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय, सुताराला फोन करू नका. बाहेरच्या बाजूला दिसले तर तो हवेतला दमटपणा. भिंत कोरडी निघाली तरी प्लाय भिंतीला चिकटवायची नाही, मागे पट्ट्या मारून अर्धा इंच फट ठेवायची. दोन दिवस थांबायचा धीर नसलेल्यांना सल्ला देणं मी सोडून दिलंय.

टेबलाची उंची जमिनीपासून 30 इंच. कडप्पा जिथे आहे तिथेच टेबल मानू नका. भिंतीतलं कपाट उथळ असेल तर लॅपटॉप मावतो, कोपरं नाही. पुढे बिजागरीची घडीची फळी लावा. मी आधी खोक्याचा पुठ्ठा ठेवून आठवडाभर बसून बघतो.

चार्जर चालू ठेवून दार लावू नका, आत भट्टी होते. कपाटात देवघर केलंत तर निरांजन बाहेर पाटावर.

आणि कपाटातलं सामान कुठे जाणार? गोधड्या, आकाशकंदील, फराळाचे डबे. पंधरा दिवस कपाट रिकामं ठेवून बघा. सगळं सोफ्यावर येऊन बसलं तर बेत रद्द.

दारं मात्र भंगारात देऊ नका. आमची अजून आहेत. पाहुणे आले की लोटून घेतो, आतला पसारा दिसत नाही. ऑगस्टमध्ये फुगून अशी घट्ट बसतात, की पाहुणे गेल्यावर भिंतीला पाय लावून ओढावी लागतात.