लग्नसराईच्या आधी ऑनलाइन कॅमेऱ्याचं सामान मागवताय? हे बघून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या फोटोग्राफरांकडं शूटच्या ऑर्डरी सुरू होतात आणि नेमकं तेव्हाच आपली पोरं घाईघाईत कार्ड, बॅटऱ्या मागवायलेत, म्हणून सांगायलो.

आधी मेमरी कार्ड, कारण नुकसान तिथंच लई होतं. मी एकदा स्वस्तातलं १२८ जीबीचं मागवलं, पाकीट एकदम ओरिजनलसारखं, औशाच्या एका लग्नात वापरलं, हळदीचं सगळं नीट आलं आणि अक्षता पडतानाच्या क्लिपा उघडेचनात. नवरीच्या वडलांना काय सांगणार? डुप्लिकेट कार्डात जागा थोडीच असते पण कॉम्प्युटरला १२८ दाखवतं, तेवढी भरली की पुढचं शूट गायब. तेव्हापासून कार्ड आलं की त्याच रात्री एच२टेस्टडब्ल्यू हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर लावून झोपतो, फुकट आहे, पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. विंडोजमध्ये १२८ चं ११९ दिसतं, ते बरोबरच आहे. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे कराच.

आणि कार्डावर मोठ्या आकड्यात १७० वगैरे असतं तो वाचायचा स्पीड, आपल्याला लिहायचा पाहिजे. व्ही३० बघा, म्हणजे सेकंदाला कमीत कमी ३० एमबी. १०० एमबीपीएसच्या (म्हणजे मेगाबिटच्या, आठ बिटांचा एक बाइट) फोरके व्हिडिओला सेकंदाला साडेबारा एमबीच लागतात.

बॉडी-लेन्स घेताना किमतीच्या आधी सेलरचं नाव बघा, कंपनीच्या साइटवर अधिकृत डीलरच्या यादीत ते आहे का ते तपासा. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो पण त्याला बहुतेक वेळा इथली वॉरंटी नसते आणि बिघडला की सगळा खर्च आपल्याच खिशातून. बॉक्सवर इम्पोर्टरचं नाव अन् एमआरपी पाहिजे, बिल जीएसटीचंच मागा, सिरीयल नंबर बॉक्सवर, बॉडीवर आणि बिलावर एकच असला पाहिजे. पार्सल फोडताना लेबलपासून सिरीयल नंबरपर्यंत एकाच दमात व्हिडिओ काढा, मधे कट नको, आणि ओपन बॉक्स डिलिव्हरी (डिलिव्हरीवाल्यासमोरच बॉक्स उघडून बघायची सोय) असंल तर माल बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, डिलिव्हरीवाला कितीबी घाई करू द्या.

फिल्टरमधे नवीन पोरं हमखास फसतात, ५० एमएमची लेन्स म्हणून ५० चाच फिल्टर शोधतात, पण लेन्सचा ५० म्हणजे फोकल लेंथ, फिल्टर लेन्सच्या तोंडाच्या मापाचा लागतो. कॅननच्या ईएफ ५० एमएम १.८ एसटीएमला ४९ चा बसतो, निकॉनच्या एएफ-एस ५० एमएम १.८ जीला ५८ चा. लेन्सच्या तोंडावर गोलात तिरकी रेघ असलेली खूण असते, तिच्या शेजारचा आकडा बघूनच ऑर्डर टाका.