घरपट्टी नव्हे, कौन्सिल टॅक्स

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर मिळालं, ब्रॉडबँड लागलं, की थोड्याच दिवसांत दाराच्या फटीतून कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या कराच्या, बिलाचा लिफाफा आत पडतो. २००७ साली आमच्याकडे पडला तेव्हा नवरा निवांतपणे म्हणाला, "घरपट्टी आहे, मालक भरेल." नाही भरत. इथे साधारणपणे राहणारा भरतो (खोल्या वेगवेगळ्या लोकांना दिलेलं घर असेल, तर मात्र मालक). तुमचं घर 'ए' ते 'एच'पैकी कुठल्या बँडमध्ये, म्हणजे करगटात, आहे ते १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरलेलं आहे, त्यामुळे आजचं भाडं किती यावर वाद घालू नका. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर काहीच भरावं लागत नाही, पण युनिव्हर्सिटीचा दाखला पाठवावा लागतो. हप्ते दहा असतात, मागितले तर बारा करून देतात.

एवढं कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते त्या पैशांच्या बदल्यात कौन्सिल कशाला बांधील आहे ते.

पूर्वी इथे कायद्याने सक्ती होती की कचरा उचलणं, इमारतींची साफसफाई अशी कामं टेंडर काढूनच द्यायची. जो कमी दर भरेल त्याला काम. मग व्हायचं तेच झालं: दर कमी, काम त्याहून कमी. १९९९ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने ती पद्धत मोडली आणि 'बेस्ट व्हॅल्यू' नावाचं कर्तव्य आणलं. तिसरं कलम सांगतं, की काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तिन्हींचा एकत्र विचार करून कौन्सिलने आपलं काम सतत सुधारत राहण्याची व्यवस्था केली पाहिजे. थोडक्यात, आखूडशिंगी, बहुदुधी गाय. नुसती स्वस्त गाय चालत नाही. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, २००३ चा.)

पण नीट वाचा: 'व्यवस्था केली पाहिजे'. तुमचा कचऱ्याचा डबा मंगळवारी उचलला नाही म्हणून हे कलम तोंडावर फेकून काही होत नाही, मी फेकून पाहिलंय. त्यासाठी कौन्सिलची तक्रार-पद्धत वापरा. ती संपली आणि समाधान झालं नाही, तर ओम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फुकट आहे, पण गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत.

कर्तव्य मोडलं तर काय होतं, ते आपल्या बऱ्याच लोकांनी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहून पाहिलंय. जुलै २०२१ मध्ये तिथल्या कौन्सिलने '११४ ची नोटीस' काढली. म्हणजे मुख्य वित्त अधिकारीच लिहून देतो की खर्चाला पैसा पुरत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. डिसेंबरमध्ये सरकारने याच १९९९ च्या कायद्याखाली तिथे कमिशनर नेमले. पुण्या-मुंबईत २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली म्हणून प्रशासक बसले, तसं हे नाही. इथे नगरसेवक जागेवरच राहतात, वर कमिशनर येऊन बसतात आणि त्यांचा मेहनताना कौन्सिलच देते. २०२३-२४ साठी तिथला कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला. एरवी ४.९९ च्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागलं असतं. क्रॉयडन, थरॉक, वोकिंग, बर्मिंगहॅम यांनीही तीच नोटीस काढलेली आहे. घर बघताना शाळा आणि स्टेशन पाहता ना, मग कौन्सिलची तब्येतही पाहा.

आणि आता माझं आवडतं हत्यार. दरवर्षी ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलला आपले हिशेब लोकांसमोर उघडे ठेवावे लागतात. नोटीस वेबसाईटच्या कुठल्यातरी अडगळीत असते, जूनमध्ये शोधायला लागा. त्या दिवसांत बिलं, करारनामे, व्हाउचर, पावत्या बघायला मागता येतात.

आमच्या गल्लीत पानगळीत फुटपाथवर ओला लगदा साचतो. माझी शेजारीण त्यावर घसरून मनगट मोडून बसली. मी त्या उन्हाळ्यात झाडलोटीच्या कंत्राटाचा कागद मागितला. एका बैठ्या खोलीत एक पोरगेलासा अधिकारी फाईल घेऊन आला, बऱ्याच ओळींवर काळी पट्टी मारलेली. पण रस्त्यांची यादी उघडी होती. आमच्या गल्लीपुढे लिहिलेलं: 'आठवड्याला एकदा'. मी खिडकीतून महिन्याला एकदा गाडी पाहत होते! प्रत काढायचे पैसे पडले, ते दिले.

कौन्सिलचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिटरकडे रीतसर आक्षेप घेतला. त्याने तपासायला नकार दिला, कारण रक्कम किरकोळ होती आणि तेवढ्यासाठी तपासाचा खर्च करणं परवडत नव्हतं. त्याला तो अधिकार आहे, आणि चिडून उपयोग नाही. तीच प्रत मी वॉर्डाच्या नगरसेविकेला दिली. ती समितीच्या बैठकीत कागद हातात धरून उभी राहिली. नोव्हेंबरपासून गाडी दर बुधवारी यायला लागली.

ऑडिटरला प्रश्न विचारायचा किंवा आक्षेप घ्यायचा, तर मतदार यादीत नाव लागतं. इथेच आपली मंडळी कमी पडतात. "आपल्याला कुठलं मत, आपण व्हिसावर," असं पाच-पाच वर्षं राहिलेले लोक मला सांगतात. भारतीय नागरिक हे कॉमनवेल्थचे नागरिक, त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहत असाल तर नाव नोंदवता येतं. विद्यार्थी असलात तरी. कौन्सिलच्या निवडणुकीतच नव्हे, पार्लमेंटच्याही. फॉर्म ऑनलाईन आहे, पाच मिनिटांचा. नॅशनल इन्शुरन्स नंबर तेवढा जवळ ठेवा. अजून आला नसेल तर तसं लिहा, मग ओळखीचे दुसरे कागद मागतात.