मंडळीतली कुरकुर आणि आपली उपकारस्तुती : या चुका टाळा

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कुरकुर वाढली की आमच्याकडे दोन उपाय ठरलेले असतात. एक, उपास-प्रार्थना ठेवायची. दोन, येता रविवार उपकारस्तुतीचा, म्हणजे देवाचे आभार मानायचा, म्हणून जाहीर करायचा. दोन्ही उपायांवर माझा विश्वास आहे. पण नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत गेली 22 वर्षं मी भगिनी मंडळाची चिटणीस आहे, आणि त्याच त्या चुकांपायी हे उपाय उलटताना इतक्यांदा पाहिलेत, की आता गप्प बसवत नाही.

वचनाचं झाकण करू नका

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 18. लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेलं. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की हेच वचन त्याच्या तोंडावर झाकणासारखं ठेवतात.

आमच्या हंगामाच्या सणाची गोष्ट सांगते. सण माहीत असेलच : बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी असं घरोघरचं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. बोली आनंदात चढते. चाळीस रुपयांचा भोपळा बाराशेला जातो, टाळ्या पडतात आणि घेणारा म्हणतो, "नावावर लिहा." त्या वर्षी सण होऊन तीन महिने गेले तरी लिलावाचा हिशोब वाचला गेला नाही. चार-पाच जणांनी विचारलं, तेही नीट, बाहेर ओट्यावर. पुढच्या रविवारी कमिटीतले एक ज्येष्ठ उभे राहिले आणि म्हणाले, "रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली, त्यांचं काय झालं ते आठवा." लगेच दीड तासाची उपकारस्तुतीची सभा. गाणी मीच सुरू करत होते, त्यामुळे यातला वाटा माझाही आहे. त्यानंतरच्या रविवारी डावीकडचे दोन बाक रिकामे होते.

पुढे कळलं ते असं : एक रुपयाही कोणी खाल्लेला नव्हता. अर्धी बोली उधारीत अडकली होती, आणि मोठ्या उधाऱ्या कमिटीतल्याच लोकांच्या होत्या. यादी लावायची तर स्वतःचंच नाव वर येणार, म्हणून टाळाटाळ. शेवटी यादी दाराशी लागली (माझ्या नावावर 340 रुपये निघाले, कोंबडीचे), पंधरा दिवसांत बरीचशी वसुली झाली, आणि एका बाकावरची माणसं परत आली. एकच बाक.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून बघा. तिथेही कुरकुरच आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. त्यावर प्रेषितांनी स्तुतीची सभा लावली नाही. त्यांनी मंडळीकडून सात माणसं निवडून घेतली, वाटणीचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि आपण प्रार्थनेला व वचनाच्या सेवेला मोकळे राहिले.

म्हणून माझ्या वहीत दोन रकाने असतात, 'हिशोबाची' आणि 'मनाची'. तक्रार कानावर आली की आधी ती कोणत्या रकान्यातली ते ठरवते. हिशोबाची असेल तर तारीख घालून कमिटीकडे. मनाची असेल तर प्रार्थनेत. गळक्या पत्र्यासाठी प्रार्थना करू नये असं नाही, पण सुताराला फोन आधी करावा.

प्रार्थनेतून टोमणे मारू नका

हा माझा दुसरा जुना राग. मंगळवारच्या घरगुती सभेत एक जण प्रार्थनेला लागले, "हे प्रभू, तू जाणतोस, काही जण दुसऱ्या गीतानंतर उपासनेला येतात, त्यांना तू आपल्या भयाने भर." डोळे सगळ्यांचे मिटलेले, पण 'काही जण' कोण ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो मुलगा एमआयडीसीत रात्रपाळी करून, घरी न जाता थेट उपासनेला यायचा. त्यालाही ते कळलं आणि त्यानं सभेला येणं सोडलं. प्रार्थना देवाला ऐकवायची असते, शेजाऱ्याला नाही, हे मोठ्या माणसांना सांगावं लागतं याची मला लाज वाटते. तेव्हापासून आमच्या सभेत 'काही जण' हे शब्द बंद आहेत. ज्याचं नाव घेऊन आभार मानता येत नाहीत, त्याची तक्रार देवापुढेही आडून करायची नाही.

याचीच सख्खी बहीण म्हणजे "प्रार्थनेसाठीच सांगते हं, बाहेर जाऊ देऊ नका." मी एवढंच विचारते, "तिच्याशी बोललीस का?" नसेल बोलली तर आधी जाऊन यायचं, मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं, दोघंच असताना. मग सोबत गुडघे टेकू. दहातल्या नऊ विनंत्या इथेच मावळतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मोघम आभार. "प्रभू, आजच्या सुंदर दिवसाबद्दल..." असले आभार मानून कोणाचं मन बदललेलं मी पाहिलं नाही. सतरंज्या कोणी अंथरल्या, पेटी कोणी आणली, त्यांची नावं घ्या. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात झाडलं, पण त्याआधी त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि तेही कशाबद्दल ते सांगून. गलतीकरांच्या पत्रात मात्र सुरुवातीला आभारच नाहीत. नव्हते म्हणून त्यानं ओढूनताणून आणले नाहीत. हे मला फार आवडतं.

"मिशनच्या काळी असं नव्हतं," असं म्हणत जुने दिवस आळवू नका. रानात देवानं दिलेला मान्ना खाताना इस्राएल लोकांना मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, काकड्या, कांदे, लसूण आठवत होते. गुलामी कोणाला आठवत नव्हती.

नुकतं दुःख झालेल्याला साक्षीला, म्हणजे देवानं काय केलं ते सर्वांपुढे सांगायला, उभं करू नका. गुरुवारी माती झालेली आणि रविवारी माईक हातात. स्तोत्र 88 वाचा, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

दर भांडणात सैतान शोधू नका. निम्म्या वेळी ते चाव्या कोणाकडे राहायच्या यावरून असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांचं चित्र टाकणं म्हणजे प्रार्थना झाली असं नाही.

आणि तरुण संघासाठी एक. "ताई, तीन शुक्रवार प्रार्थनेला बसलो, काहीच बदललं नाही. केडगावला झालं तसं आपल्याकडे का होत नाही?" अरे, केडगावचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनातलं, आधी नीट वाचा. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आलं ते जूनच्या अखेरीस. तीन शुक्रवारांत नाही, रोज बसून सहा महिन्यांनी. तिथल्या त्या मुलींपैकी कित्येक जणी दुष्काळातून आलेल्या होत्या, कुरकुर करायला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त कारणं होती.

माझी स्वतःची रीत विचाराल तर ज्या माणसाचा राग आला, त्याचं नाव घेऊन सात दिवस आभार मानायचे, रोज नव्या गोष्टीबद्दल. आठव्या दिवशी त्याच्या घरी जायचं. ही रीत मी त्या हंगामाच्या सणाच्या ज्येष्ठांपासून सुरू केली. पहिले दोन दिवस एक ओळ सुचेना. तिसऱ्या दिवशी आठवलं की पिण्याच्या पाण्याचा माठ दर रविवारी तेच भरतात, उपासनेच्या तासभर आधी येऊन, कोणी सांगितलेलं नसताना. चौथ्या दिवसापासून सोपं गेलं. आठव्या दिवशी गेले, काकूंनी चहा केला, माठाबद्दल बोलले तेव्हा ते खाली बघत राहिले. निघताना दारापर्यंत आले आणि "जय ख्रिस्त" म्हणाले, बऱ्याच महिन्यांनी. भोपळ्याचे बाराशे मात्र त्यांनी ईस्टरनंतरच दिले.