ग्राफिक्स कार्ड, साऊंड कार्ड लावताना या चुका टाळा (स्लॉट दिसतात सारखे, पण असतात वेगळे)

माझा मावसभाऊ चिपळूणला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दिवाळीत त्याने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि पंधरा दिवसात फोन, दादा पैसे पाण्यात गेले, फोर के टाइमलाइन अजून तशीच अडकतेय. म्हटलं कॅबिनेट उघड, आतला फोटो पाठव. फोटो बघितला आणि लगेच कळलं, असेंबल करणाऱ्याने कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं व्हिडिओ पीसीत घेणारं) वरच्या स्लॉटमध्ये आणि ग्राफिक्स कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलेलं.

दोन्ही स्लॉट लांबीला सारखेच, म्हणून लोकांना वाटतं कुठेही लावलं तरी चालतंय. नाही चालत. वरचा एक्स १६ स्लॉट (१६ लेनचा, लेन म्हणजे डेटा जायची वाट) थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, आणि खालचे बहुतेक स्लॉट आधी चिपसेटला (मदरबोर्डवरच्या बाकी जोडण्या सांभाळणारी चिप) जातात आणि तिथून एकाच लिंकवरून प्रोसेसरला, आणि त्याच लिंकवर साटाच्या डिस्क, लॅन, बरेचसे यूएसबी सगळे गर्दी करून बसलेले असतात. भावाचा मदरबोर्ड एएमडीच्या बी ४५० चिपसेटचा. त्याच्या चिपसेटमधून निघणाऱ्या लेन पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड जोडायची पद्धत) जनरेशन २ च्या, म्हणजे एका लेनला सेकंदाला ५०० एमबी, आणि खालच्या स्लॉटमध्ये चारच लेन, झाले २ जीबी. वरच्या स्लॉटला जनरेशन ३ च्या १६ लेन, जवळपास १६ जीबी. म्हणजे बिचारं कार्ड आठव्या हिश्श्यावर चालत होतं. कार्डांची अदलाबदल केली आणि त्याच फाइलची टाइमलाइन सरळ पळायला लागली.

साऊंड कार्डवाले बरोबर उलटी चूक करतात. दुसरा लांब स्लॉट मोकळा दिसला की तिथे लावतात. आता काही महागड्या बोर्डांवर हा दुसरा स्लॉट पण प्रोसेसरच्याच १६ लेनमधून वाटणी घेतो, मग तिथे छोटंसं साऊंड कार्ड जरी लावलं तरी ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. आणि गरज काय? २४ बिट १९२ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी पण नाही होत!! खालचा छोटा एक्स १ स्लॉट साऊंड कार्डला भरपूर झाला, तिथेच लावा.

कॅप्चर कार्डचा मात्र हिशोब करावा लागतो. १०८०पी ६० फ्रेमचं कॉम्प्रेस न केलेलं व्हिडिओ सेकंदाला साधारण २५० एमबी खातं, ते जनरेशन २ च्या एका लेनमध्ये आरामात जातं. फोर के ६० ला त्याच्या चौपट, १००० एमबीच्या आसपास लागतात, ते एका लेनमध्ये मावतच नाही. आणि काही बोर्डांवर लांबीला १६ चा पण आत एकच लेन असलेला स्लॉट असतो, त्यामुळे नुसतं स्लॉट बघून ठरवू नका, मॅन्युअलमध्ये ब्लॉक डायग्राम किंवा स्लॉटचं टेबल असतं ते बघाच. तिथेच बारीक अक्षरात अजून एक गोष्ट लिहिलेली असते, दुसऱ्या एम डॉट टू (एसएसडी डिस्कचा छोटा स्लॉट) मध्ये एसएसडी लावली की अमुक स्लॉट बंद होईल. कार्ड डिटेक्टच होत नाही म्हणून परत करायला निघालेल्यांनी आधी हे तपासा.

स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घेताना पण लेन बघा. आरएक्स ६५०० एक्सटी ला चारच लेन आहेत, जनरेशन ४ च्या बोर्डवर ठीक, पण जनरेशन ३ च्या बोर्डवर लावलं की बँडविड्थ सरळ अर्धी. जुना पीसी अपग्रेड करणारे यातच फसतात.

कार्ड किती लेनवर चाललंय ते जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये बस इंटरफेसच्या ओळीत दिसतं. तिथे १.१ (म्हणजे जनरेशन १ चा वेग) दिसलं म्हणून घाबरू नका, काम नसताना कार्ड वीज वाचवायला स्वतःच खाली उतरतं, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालू करा आणि मग आकडा वाचा. १६ लेनच्या कार्डला लोड असताना पण १६ च्या जागी ८ किंवा ४ दिसलं तरच शोधाशोध करायची.

बाकी नेहमीच्या गोष्टी पटापट. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. नवीन ग्राफिक्स कार्डनंतर आवाज गेला तर विंडोजने मॉनिटरलाच स्पीकर धरलंय का बघा, साऊंड सेटिंगमध्ये डिफॉल्ट बदला. साऊंड कार्ड लावलं पण पुढच्या जॅकला आवाज नाही? कॅबिनेटची एचडी ऑडिओ वायर अजून मदरबोर्डलाच असणार, ती साऊंड कार्डच्या पिनांवर हलवा. आवाजात टकटक येत असेल तर लगेच स्लॉट बदलत बसू नका, बऱ्याचदा वायफाय नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडवत असतो, लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा.

आणि कोकणातल्या लोकांना खास सांगणं, पावसाळ्यानंतर कार्ड अचानक दिसेनासं झालं तर आधी पीसी पूर्ण बंद करून वायर काढा, कार्ड बाहेर काढा, सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि लॅच टक वाजेपर्यंत परत बसवा. भावाचं कॅप्चर कार्ड जूनमध्ये असंच गेलं होतं, पुसल्यावर पुन्हा सुरू झालं, आता खालच्या स्लॉटमध्ये १०८०पी मस्त घेतंय.